चार तुकडे, आठ कडा

दवाखान्यात सगळे त्याला डायलटोन म्हणत. तीस वर्षं त्याने तिथले टेलिफोन सांभाळले; नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखणारा माणूस. पुढे टेलिफोन गेले आणि कॉम्प्युटरच्या जाळ्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. नवी साहेबीण मनाने वाईट नव्हती, पण तिने स्पष्टच सांगितलं, "सोमवारी मुलांचा वॉर्ड सुरू होतोय. तोवर नंबरांची वाटणी जमली तर ठीक, नाहीतर तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवावं लागेल." स्टोअर म्हणजे तळघर, खोकी आणि कुलूप.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर लागतो. हाताशी होते शून्य ते दोनशे पंचावन्न. त्यांचे चौसष्ट-चौसष्टचे चार गट पाडायचे, म्हणजे एका विभागाचा गोंधळ दुसऱ्यात शिरत नाही. पहिला नंबर गटाचा स्वतःचा आणि शेवटचा सगळ्या गटाला एकदम हाक मारायचा. हे दोन कुणाला द्यायचे नाहीत, एवढं त्याने घोकून पाठ केलं होतं. म्हणून त्याने शून्य आणि दोनशे पंचावन्न सोडले, दर गटातले मधले काही पुढच्यासाठी राखले आणि बाकीचे वाटून टाकले. शनिवारच्या चाचणीत सहा यंत्रं मुकी राहिली. त्यात मुलांच्या वॉर्डातल्या पहिल्या खाटेचा मॉनिटरही होता.

रविवारी सकाळी तो कागद पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. बायको शिवणकाम करायची. जमिनीवर कापड पसरून तिची कात्री चालली होती. कामावरचं घरी बोलायची त्याला सवय नव्हती. पण आज राहवेना, आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तिने कात्री बाजूला ठेवली. "अहो, कापड अखंड होतं तेव्हा कडा दोन. तुम्ही तुकडे किती केलेत?"

"चार."

"मग कडा किती झाल्या?"

"आठ," तो म्हणाला.

"आणि सोडल्यात दोन! दर तुकड्याच्या दोन्ही कडा शिलाईत जातात. तेवढं कापड अंगाला येत नाही, एवढं तर माझ्या गिऱ्हाइकांनाही कळतं."

आठातून दोन गेले, सहा. मुकी यंत्रंही सहाच. हिला काय कळणार म्हणून आपण तीस वर्षं तोंड उघडलं नाही, याची त्याला लाज वाटली. तिच्याविषयी माया दाटून आली, आणि त्याने कागद ओढून चारही गटांचे पहिले-शेवटचे असे आठ नंबर खोडले.

सोमवारी साहेबीण येण्याआधीच सगळी यंत्रं बोलू लागली होती. पहिल्या खाटेवर एक चिमुरडी झोपली होती, आणि मॉनिटरवर तिची नाडी दिसत होती. साहेबिणीने नंबरांचा तक्ता वाचला. "हे आठ ठिकाणी 'शिलाई' काय लिहिलंय?"

"आमच्या घरातला शब्द आहे, मॅडम. राहू द्या."

ती हसली. "राहू देत. तक्ता आणि तुम्ही, दोघंही इथेच."

संध्याकाळी त्याने दारातूनच, बूटही न काढता, सुरुवात केली, "अगं, आज काय झालं माहितीये?"

तिने मशीन थांबवलं.