मोबाइलमधला डोंगर

माझा शेजारी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोबाइलवर जग बघतो. उपग्रहानं वरून टिपलेलं जग. लोणारचं गोल सरोवर, वाळवंटातला तो डोळ्यासारखा आकार, कुठल्याशा देशातली खोल लाल दरी. दोन बोटांनी चित्र मोठं करतो आणि मला हाक मारतो. "सर, जल्दी या! देवानं काय कारागिरी करून ठेवली बघा. माणसाच्या बापाला जमणार न्हाई."

ऐकून माझं डोकं फिरतं. कारण याच माणसाची गावामागं खडीची खाण आहे. सुरुंगाचा बार उडाला की माझ्या घरातली भांडी वाजतात. भोकरदनच्या रस्त्यावरून दिसायचा तो आमचा डोंगर यानं अर्धा खाल्ला.

मी तक्रार केली, तेव्हा तालुक्याहून साहेब आले. यानं त्यांना ओट्यावरच बसवलं, चहा मागवला आणि मोबाइल पुढं केला. चित्रात डोंगर अख्खा होता, हिरवागार.

"हाय का न्हाई डोंगर, साहेब? सर उगाच बोंबलून राह्यले."

"अहो, जुनं चित्र आहे ते! जरा मान वळवून मागं बघा ना!" मी ओरडलो.

"वरून काढलेला फोटो हाय, सर. तो कशाला खोटं बोलंल?"

साहेबांनी दोन बोटांनी डोंगर मोठा केला. त्यांच्या पाठीमागून खडीनं भरलेला हायवा ट्रक धडधडत गेला. त्यांनी धुळीपासून वाचवायला चहावर बशी झाकली आणि म्हणाले, "छान आहे हो तुमच्याकडचा निसर्ग."