उतारावरची बरणी

आमच्या गच्चीत सपाट जागी सावली येते, म्हणून बायकोनं साखरांब्याची बरणी जिन्यावरच्या उतरत्या स्लॅबवर उन्हात ठेवली आहे. तोंडाला दादरा बांधलेला, आत घरचा वर्षभराचा साखरांबा. समोर खुर्ची टाकून मी तिच्यावर पाळत ठेवून बसलोय.

"अहो, कालपासून जागची हललेली नाही ती," बायको म्हणाली.

"म्हणूनच तर संशय येतोय."

कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं समजावलं, "बाबा, वजन तिला खाली ओढतंय आणि घर्षण धरून ठेवतंय. ओढ वाढली की घर्षणही तेवढंच वाढतं. एका मर्यादेपर्यंत."

हे शेवटचे दोन शब्द तिनं सांगायला नको होते. तेव्हापासून मला कुठलीच स्वस्थ वस्तू स्वस्थ वाटत नाही. भिंतीला टेकलेली शिडी, कौलांवर पसरलेलं मांजर, इतकी वर्षं माझं सगळं हसून ऐकून घेणारी बायकोसुद्धा. कोण किती जोर लावून जागेवर थांबलंय, ते बाहेरून कळतं कुठे?

शेवटी उठून मी बरणीला खालच्या अंगानं लाकडाची पाचर सारली.

"झालं समाधान?" बायको हसली.

त्या हसण्याकडे मी जरा निरखून पाहिलं आणि म्हणालो, "तू बस. चहा मी टाकतो."