नॉर्वे रद्द, फ्योर्ड कायम

नॉर्वेला जायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही मेनला गेलो. हे वाक्य ज्यांना पहिल्या वाचनात कळलं ते बहुधा अमेरिकेत वर्क व्हिसावर आहेत. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो.

माझी आई नागपूरहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे बॉस्टनजवळ श्रूजबरीला आली होती. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी पट्टी, हे तिला व्हॉट्सॲपवरच्या एका व्हिडिओतून कळलं होतं आणि तेव्हापासून तिला तो बघायचा होता. तिला नॉर्वे दाखवायचं मी ठरवलं. मग माझ्या व्हिसाचं एक्स्टेंशन अडकलं. वकिलांनी कळवलं की देशाबाहेर जाऊ नका, गेलात तर परत कधी येता येईल ते सांगता येत नाही. आईला मी सांगितलं की ऑफिसात काम निघालंय.

खरी अडचण नॉर्वेची नव्हतीच. डिसेंबरात नागपुरात माझ्या धाकट्या बहिणीचं, सायलीचं लग्न होतं. बाबा नाहीत. भाऊ मी एकटाच, आणि आता मीही जाऊ शकणार नव्हतो. हे आईला सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे मी टाळत होतो. तिच्या परतीला आठवडा उरला तेव्हा माझी बायको अनुजा म्हणाली, "ट्रिपला घेऊन जा आणि तिथे सांग. घरी विषय निघाला की तू भांडी घासायला घेतोस."

इंटरनेटवर शोधल्यावर कळलं की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक फ्योर्ड आहे. मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कमध्ये, नाव सोम्स साउंड. त्याच्या काठावर अकेडिया माउंटन नावाचा डोंगर आहे, उंची सहाशे एक्क्याऐंशी फूट. मी मोठ्याने हसलो. पुण्यात कॉलेजला असताना मी दर रविवारी सिंहगड चढायचो. सहाशे एक्क्याऐंशी फुटांना डोंगर म्हणणाऱ्या लोकांची मला दया आली. हे वाक्य लक्षात ठेवा.

तिसरा माणूस ऐनवेळी वाढला. सायलीचा होणारा नवरा ओंकार व्हर्जिनियात हर्नडनला नोकरी करतो. भावी सासूबाई हायकिंगला निघाल्या म्हटल्यावर तो शुक्रवारी विमानाने बॉस्टनला हजर झाला. ओंकारकडे ग्रीन कार्ड आहे. तो कुठेही जाऊ शकतो आणि परतही येऊ शकतो. माणूस म्हणून तो चांगला आहे, त्यामुळे त्याचा रागही करता येत नाही. बूट, काठ्या, विंडचीटर, टोपी, सगळं त्याने नवं घेतलं होतं. टोपीची किमतीची चिठ्ठी आतून लोंबत होती. आई त्याला "ओंकारराव" आणि "तुम्ही" म्हणते.

श्रूजबरीहून पाच तास धरा, पोर्टलंडच्या अलीकडे ट्रॅफिक लागला तर सहा. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं घेतलं होतं. हायवेच्या रेस्ट एरियात टेबलावर आम्ही ते मांडलं तेव्हा शेजारच्या कुटुंबाने चिप्सचं पाकीट हळूच मिटलं. राहायला बार हार्बरमध्ये जाऊ नका, वीकेंडला खिशाला चांगलीच चाट बसते. आम्ही अलीकडे एल्सवर्थला मोटेल घेतलं. आईने तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये आल्याचा चहा केला आणि खोलीला दोन दिवस आपल्या स्वयंपाकघराचा वास राहिला. पार्कचा पास आधीच ऑनलाइन काढा. ट्रेलची पार्किंगची जागा लहान आहे, उशिरा गेलात तर रस्त्याकडेला लांबवर गाडी लावावी लागते.

सकाळी आम्ही निघालो. रस्ता ओलांडून झाडीत शिरलं की पहिली काही मिनिटं ट्रेल सभ्य आहे. मी आईला सिंहगडाच्या गोष्टी सांगत होतो. मग समोर ग्रॅनाइटची उभी शिळा आली. मला वाटलं रस्ता चुकला. रस्ता चुकला नव्हता, त्या शिळेवरच निळी खूण रंगवलेली होती. म्हणजे चढायचं होतं. वर आणखी एक शिळा होती, त्यावरही खूण. सिंहगडावर दम लागला की लिंबू सरबतवाला भेटतो. इथे फक्त पुढची खूण भेटते. अर्ध्या वाटेत माझ्या छातीचा भाता झाला होता. आई सलवार-कमीज आणि सायलीने दिलेले स्पोर्ट्स शूज घालून, हाताने मुळं धरत, न बोलता चढत होती. ओंकारच्या दोन्ही काठ्या मधे मधे येत होत्या, म्हणून त्याने त्या मला दिल्या. आता त्या माझ्या मधे येऊ लागल्या.

एका चिरेपाशी आई अडकली. एक पाय वर, एक खाली, दोन्ही हातांत एका झाडाचं मूळ. मी खालून आधार देत होतो.

"आता पाय कुठे ठेवू?"

मला वाटलं, हीच वेळ. तिला मागे वळता येत नव्हतं, आणि तिचा चेहरा मला दिसणार नव्हता.

"डावीकडे खाच आहे. आणि आई, मला डिसेंबरात येता येणार नाहीये. व्हिसा अडकलाय. नॉर्वेही त्यामुळेच रद्द झालं."

वरून ओंकारचं "काकू, हात देऊ का?" ऐकू आलं.

"डावीकडे कुठे?" आई म्हणाली.

मी खाच दाखवली. ती वर गेली. त्यानंतर शिखरापर्यंत ती माझ्याशी एकदाच बोलली. "पाणी हवंय का तुम्हाला?" त्या डोंगरावर तिने दोन माणसांना "तुम्ही" म्हटलं, एकाला मान म्हणून आणि एकाला राग म्हणून. माझ्या वाट्याला कुठलं आलं ते मला नीट कळलं होतं. मला आठवीनंतर पहिल्यांदाच कुठेतरी जाऊन रडावंसं वाटत होतं, पण तिथे सपाट जागा नव्हती.

वर मात्र सपाट आहे. उघडा गुलाबी कातळ आहे, आणि कड्यापाशी गेलं की खाली सोम्स साउंड दिसतो. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे निळंशार पाणी लांबवर आत गेलेलं, त्यावर चार-दोन पांढऱ्या शिडाच्या होड्या. सप्टेंबर असल्यामुळे काही झाडं लाल व्हायला लागली होती. आई खूप वेळ बघत राहिली. व्हिडिओपेक्षा चांगलं आहे, असं तिने ओंकारला सांगितलं. मला नाही.

शेजारी एक अमेरिकन आजीबाई सफरचंद खात होत्या. त्यांनी आपणहून माहिती दिली. मी ओशाळून मान डोलावली.

"काय म्हणतात त्या?" आईने विचारलं. मलाच विचारलं.

"त्या म्हणतात, हा खरा फ्योर्ड नाहीये. कडे पुरेसे उंच नाहीत, पाणी पुरेसं खोल नाही. लोक म्हणतात फ्योर्ड, पण जाणकार त्याला वेगळ्या प्रकारात घालतात."

आईने परत एकदा पाण्याकडे बघितलं.

"इतकी वर्षं इथेच आहे ना तो?"

"हो."

"म्हणजे त्याचंही अडकलंच की रे," ती म्हणाली.

त्या "रे"ने मला जे वाटलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. मी फक्त खाली बसलो. तीही बसली आणि तिने दशमीचा डबा उघडला.

"मला आधी सांगितलं असतंस तर मी काय तुला ओढून नेणार होते?"

"सायलीच्या कानपिळीला मी नसणार, आई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. मग नवरदेव त्याला काहीतरी भेट देतो. सगळ्या लग्नात भावाला एवढंच काम असतं, आणि सायली पाचवीत असल्यापासून ते करायची धमकी मी तिला देत आलो होतो.

"पप्पूदादा करेल," मी म्हणालो. पप्पू आमचा चुलतभाऊ.

"पप्पू स्वतःच्या लग्नात उशिरा आला होता," आई म्हणाली. तिने हात पुसले आणि ओंकारकडे वळली. "ओंकारराव, इकडे या जरा. बसा असे, पूर्वेकडे तोंड करून."

ओंकार पूर्वेकडे तोंड करून बसला. काय चाललंय ते त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

"काकू, मुहूर्त वगैरे?"

"कानाला मुहूर्त नसतो."

मी त्याचा उजवा कान धरला. "दादा, यार, सांभाळून," तो म्हणाला. मी पिळला. वकिलांचा ईमेल, नॉर्वे, खालच्या शिळा, सगळं मिळून पिळला. ओंकार जोरात ओरडला आणि आजीबाईंच्या हातातलं सफरचंद थांबलं.

"सायलीला नीट सांभाळ," मी म्हणालो. त्याने ओरडणं थांबवलं आणि म्हणाला, "सांभाळीन, दादा." मग डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

आजीबाईंनी काळजीने विचारलं की सगळं ठीक आहे ना. ओंकार कान चोळत "वेडिंग" एवढंच म्हणाला. त्यांनी आम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन केलं. खुलासा करायला आमच्यात दम उरला नव्हता.

पूर्वेकडची उतरण चढाईपेक्षा वाईट आहे, गुडघे दुखत असतील तर आल्या वाटेनेच परत फिरा. आई बऱ्याच ठिकाणी बसून उतरली. खाली ओढ्याच्या वाटेने थेट काठापर्यंत जाता येतं. तिथे तिने त्या अडकलेल्या फ्योर्डच्या पाण्यात हात बुडवला आणि खारट आहे का ते चाखून बघितलं. मग सपाट रुंद वाटेने गाडीपर्यंत परत. संध्याकाळी ब्लूबेरी पाय खाल्ला. आईच्या मते त्यात वेलदोडा हवा होता.

पुढच्या आठवड्यात ती गेली. विमानतळावर मला "येते रे" म्हणाली.

डिसेंबरात लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणजे आमच्याकडे सकाळ. अनुजा आणि मी श्रूजबरीच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाहेर बर्फ, गॅसवर चहा. मी सदरा घातला होता आणि वर ओंकारची टोपी. होमापाशी गुरुजींनी मान वर करून विचारलं, "नवरीचा भाऊ कुठाय? कानपिळीला बोलवा." पप्पूदादा उठू लागला. आईने त्याला हाताने खाली बसवलं.

"झालीय ती," आई म्हणाली.

"झाली? कधी? कुठे?"

"फ्योर्डवर."

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि पुढचा मंत्र सुरू केला. स्क्रीनवर मुंडावळ्यांखालून ओंकारचा हात उजव्या कानाकडे गेला.