सही नसलेली बाभूळ

आमचे चित्रकलेचे साळवे सर गेल्याचं मला शाळेच्या जुन्या ग्रुपवर कळलं. भाजी चिरत होते. ती तशीच टाकून ओट्याला टेकून रडले. दीड महिना झाला त्याला. तेव्हा लिहायला बसले असते तर नुसतं गोड गोड लिहिलं असतं. आज ते जमणार नाही, कारण मधल्या काळात मी जालन्याला, मस्तगडला जाऊन आले.

कुंभार पिंपळगावच्या शाळेत सरांनी मला पेन्सिल धरायला शिकवलं. चित्र दाखवायला नेलं की ते आधी उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. "सही कुठंय? सही न्हाई तर चित्र कुणाचंच न्हाई." त्यांच्या नखांत कायम काहीतरी निळं अडकलेलं असायचं. विचारलं तर शाई आहे म्हणायचे, आणि आम्हाला ते पटायचं. बारावीनंतर मला पुण्याला फॅशन डिझाइनला प्रवेश मिळाला. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, सर सांगतील तसं करू. मी अगदी निर्धास्त होते. सर तर माझेच होते ना! सरांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कपड्याची हौस चार दिवसांची असती, दादा. फॅशन म्हंजे काय कला न्हाई. पोरीला डीएड करू द्या." विषय संपला.

मी डीएड केलं, हसनाबादला शिक्षिका झाले. सर म्हणाले ते बरोबरच असणार, असं वर्षानुवर्षं स्वतःला समजावत राहिले. लग्नात मात्र हट्टाने ब्लाउजच्या बाह्यांवर भरतकाम करून घेतलं, मस्तगडच्या रफीकभाईंकडून. मोर नको, कमळ नको म्हटल्यावर त्यांनी एक नक्षी दाखवली... बाभळीची फांदी, पिवळी गोंड्यासारखी फुलं, पांढरे लांब काटे. लग्नाला सर आले होते. अक्षता टाकून झाल्या तरी माझ्या बाहीकडे बघतच राहिले. "शोभतंय," एवढंच म्हणाले.

सर गेल्यावर, लेकीच्या कुर्त्यावर तीच बाभूळ हवी म्हणून मी रफीकभाईंकडे गेले. त्यांनी खाका काढला. नक्षीच्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडलेला तो कागद कापडावर ठेवायचा, वरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा, की नक्षी खाली उतरते. नमुना दाखवताना रफीकभाईंची बोटं निळी झाली, आणि मला सरांची नखं आठवली.

"भाई, हा खाका कुणी काढला?"

"आता काय लपवायचं, बाई... साळवे सरांनीच. माझ्याकडचे बहुतेक खाके त्यांचेच. रविवारी एष्टीनं यायचे, भोकं बी सोताच पाडायचे. म्हणायचे, भाई, भिंतीवरचं चित्र कोण बघून राह्यलं? हे अंगावर गावभर फिरतंय. पण बिलकुल कुणाला सांगू नका म्हणले व्हते. मास्तर बायकांच्या पोलक्यावर फुलं काढतो म्हणून लोकं हसतील."

मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे. लोकांना घाबरायचं होतं तर त्यांनी खुशाल घाबरावं, पण त्यासाठी माझी वाट का अडवली? दादांना 'मला त्यातलं कळत नाही' एवढं म्हणाले असते तरी मी पुण्याला गेले असते. स्वतःचं चित्र माझ्या अंगावर बघूनही त्या माणसाने तोंड उघडलं नाही. मी त्यांच्या शब्दावर अख्खा जन्म बेतला, आणि त्यांचा स्वतःचाच त्या शब्दावर विश्वास नव्हता...

तो खाका मी मागून आणला. घरी उजेडात धरून चारही कोपरे तपासले. सही नव्हती. काल सुई घेऊन बसले आणि उजव्या कोपऱ्यात एकेक भोक पाडत त्यांचं नाव लिहिलं. मग लेकीच्या कुर्त्यावर ठेवून बोळा फिरवला. बाभळीखाली निळ्या ठिपक्यांत 'साळवे' उमटलं. सरांना हे मुळीच आवडलं नसतं.

"आई, हे नाव धुतल्यावर जाईल ना?" लेकीने विचारलं.

"नाही," म्हटलं. "त्यावर मी दोरा भरणार आहे."