केळव्याच्या पाण्यात मला कोणीतरी ओरडलं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. जव्हारला एका खाजगी लॅबमध्ये मी रक्त तपासते. काचेखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... इतकं साधं. सूर्यमाळकडचे पेशंट कधीकधी "बाहेरचं झालंय" म्हणत येतात, त्यांना मी हिमोग्लोबिनचा आकडा दाखवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

माझं लग्न उशिरा झालं, तेही दुसरेपणावर. मिस्टर मोखाड्याला सरकारी ऑफिसात आहेत. त्यांची पहिली बायको नयना, डहाणूकडची, समुद्राकाठी वाढलेली. आजारपणात गेली. घरात तिचा फोटोसुद्धा नाही. माझ्यासाठी त्यांनीच काढून ठेवला. असता तर बरं झालं असतं — निदान कुठे बघून जळायचं ते तरी कळलं असतं!

मागच्या मे महिन्यात मीच हट्ट धरला, केळव्याला जाऊ. आमच्याकडे फिरायला जायचं म्हणजे शिरपामाळ, नाहीतर धबधबा, आणि तो मे महिन्यात कोरडा. समुद्र मी धड पाहिलेला नव्हता. मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं ठरवून ठेवलं होतं — घोडागाडी, बनाना राईड, सुरूच्या सावलीत बसून ताडगोळे.

पण वाळूत पाय ठेवला आणि हे सुरू झाले. "ताडगोळे पलीकडच्या बाईकडून घेऊ, तिचे कोवळे असतात." "घोडागाडीत मागे तोंड करून बसू नकोस, मळमळतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते ताडगोळा सोलत राहिले. "आलो होतो आधी. नयनाबरोबर."

"कितीदा?"

"बऱ्याचदा."

झालं! माझ्या व्हिडिओतलं सगळं आधीच कोणीतरी बघून, खाऊन, हसून झालेलं होतं. उरलेले ताडगोळे मी पिशवीत टाकले. घोडागाडीत बसले तर वाटायला लागलं, ती इथेच बसली असेल, याच बाजूला. बनाना राईडला हे "नको" म्हणाले. मी विचारलं, "तिच्याबरोबर बसला होतात?" त्यांनी चपलेतली वाळू झटकायला घेतली. मग रागारागात मी एकटीच गेले. लाईफ जॅकेटचा पट्टा नीट आवळलाय की नाही, तेही पाहिलं नाही.

त्या फुगवलेल्या लांबट बोटीवर पुढे मुंबईच्या कॉलेजच्या मुली, सगळ्यात मागे मी. शेवटी बोटवाले मजा म्हणून बोट मुद्दाम उलटी करतात. मी पाण्यात पडले आणि सैल जॅकेट सरकून थेट तोंडावर आलं. मला पोहता येत नाही. जितके हातपाय मारावेत तितकं पाणी नाकातोंडात. वाटलं, संपलं...

आणि कानाशी आवाज आला. बाईचा. स्पष्ट, जरा वैतागलेला.

"पाण्याशी भांडू नको. पाय सोड. आभाळाकडे बघ."

मी ऐकलं. का ऐकलं, माहीत नाही. पाय सोडले, मान मागे टाकली — आणि अलगद वर आले. जॅकेट बाजूला झालं, वर पांढरं आभाळ. तोवर बोटवाल्याने हात धरून ओढलं.

"आत्ता कोण बोललं?"

"कोनी नाय बोलला, बाई. तुमी एकट्याच होत्या इकडं."

मुली बोटीच्या पलीकडच्या बाजूला होत्या, हिंदीत आरडाओरडा चाललेला.

किनाऱ्यावर आल्यावर यांना सगळं सांगितलं. वाक्य सांगितलं तसे हे उठून उभे राहिले. "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

"मला तरंगायला तिनेच शिकवलं. इथेच. हेच म्हणायची... अगदी हेच."

हे मला कधीच सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नाही; हे पाण्यात उतरतात असं कळलं तर सासूबाई घाबरतील म्हणून त्या दोघांनी ते घरात लपवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता गं? दमल्यासारखा होता का? शेवटी शेवटी दोन शब्द बोलली तरी दमायची ती."

खरं सांगू? मला संताप आला. मरता मरता वाचले मी, आणि चौकशी तिची! पण त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही हो. ठणठणीत होता. ओरडलीच मला." तसे हे हसले, आणि हसता हसता वाळूत बसून रडायला लागले.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी हट्ट त्यांचा. ते आत गेले, पाठीवर पडले आणि कान पाण्यात बुडवून कितीतरी वेळ तसेच राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल. "काहीच ऐकू आलं नाही," म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. जळणाऱ्या माणसाची ती नजर मी ओळखते. आरशात पाहिलेली आहे.

आमच्या लॅबचे डॉक्टर म्हणतात, जीव घाबरला की मेंदू असले खेळ करतो. करत असेल. पण जे वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं, ते माझ्या मेंदूने आणलं कुठून?

आवाजाचं एक वेळ सोडून देईन. पण मला वाचवायचं तिला काय अडलं होतं? तिच्या जागी मी असते तर... बोलले असते की नाही, सांगता येत नाही.