दुसरा प्रवासी फुकट

जळकोटचे धान्याचे व्यापारी महांतप्पा पोत्यात परखी खुपसून, दाणा तळहातावर घेऊन पारखल्याशिवाय माल घेत नाहीत. जहाज मात्र त्यांनी मजले मोजून पसंत केलं.

समुद्रसफरीची हौस मुळात त्यांच्या बायकोची, शांताक्काची. तिला एखाद्या बेटावर उतरून वाळूत चालायचं होतं. लक्षद्वीपला थांबणारं एक लहान जहाज होतंही, पण महांतप्पांना ते कळकट वाटलं. मी शेजारीण, म्हणून मला चहाला बोलावून त्यांनी मोठ्या जहाजाची जाहिरात दाखवली.

"बाई, ह्यात नाटकगृह हाय, घसरगुंडी हाय, अन् दुसरा प्रवासी फुकट!"

"थांबतं कुठं?" मी विचारलं.

"थांबत न्हाय. समुद्रात फिरून परत मुंबईलाच येतं."

"म्हणजे नाटकगृह असलेला तेलाचा घाणाच की."

महांतप्पा हसले नाहीत. शांताक्कानं कपबशा उचलता उचलता विचारलं, "ह्यो फुकटातला प्रवासी म्हंजे मीच का?"

"मग आणि कोण?"

"मग तुम्ही एकलेच जावा. मी बहिणीला घेऊन त्या लहान जहाजानं जाते, माझ्या तिकिटानं."

महांतप्पांनी रागानं लगेच सोलापूरच्या एजंटला फोन लावला. एकट्याला खोली हवी असेल तर फुकटाची सवलत नाही, दोघांचं पूर्ण भाडं पडेल, असं तो म्हणाला. महांतप्पांनी फोन ठेवून दिला.

शांताक्का बेटावर जाऊन आली. महांतप्पा आणखी मोठ्या जहाजाची चौकशी करत जळकोटातच आहेत.