वेगळं मागणारे ढगे सर

युरोपीय संघ शिकवायचा पहिला तास ढगे सर एकाच प्रश्नाने सुरू करत. "तुमच्या घरी चुली किती?" कुणी एक म्हणे, कुणी दोन. मग सर म्हणत, "चुली दोन झाल्या म्हणून अंगणात भिंत घालाच लागते असं नाई. तिकडच्या देशाइनं हेच करून पाह्यलं."

देवळीच्या कॉलेजात आम्ही दोघे राज्यशास्त्र शिकवत होतो. वेगळ्या विदर्भासाठी जाम गावच्या चौकात रस्ता रोको असला की सर पुढच्या रांगेत. एकदा मी चिडवले, "तिकडे सीमा पुसून राह्यले, अन् तुम्ही नवी आखून राह्यले?"

"सीमा नाई मांगत मी," ते शांतपणे म्हणाले. "निर्णय जवळ मांगतो. दुरून आपली तहान दिसत नाई."

त्यांची खरी कसोटी त्यांच्याच गावात लागली. गावाबाहेरच्या टोलीने, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीने, स्वतंत्र ग्रामपंचायत मागितली. सरपंच होते सरांचे थोरले भाऊ. ग्रामसभेत ते म्हणाले, "इतक्या पिढ्या एकत्र राह्यलो, आता काऊन फुटता?"

टोलीतल्या शांताबाई उठल्या. "एकत्र कुठं होतो, भाऊ? नळ तुमच्या चौकातच थांबला."

तेव्हा सर बोलले, "दादा, आपण मुंबईले जे मांगतो, तेच हे लोक आपल्याले मांगून राह्यले. याइले नाई म्हटलं, तर आपल्याले कोणत्या तोंडानं मांगता येईन?" आणि त्यांनी टोलीच्या बाजूने हात वर केला.

टोली वेगळी झाली. भावाने बोलणे टाकले. पोळ्याला थोरल्या घरी सरांचे ताट मांडेनासे झाले. सरांनी कधी तक्रार केली नाही. त्या दिवशी माझ्याकडे येत, पुरणपोळी अर्धीच खात.

पुढे एका उन्हाळ्यात दोन्हीकडचे पाणी आटले. धरणावरून पाइप आणणे एकट्या पंचायतीच्या आवाक्यातले नव्हते. टोलीच्या सरपंच आता शांताबाई होत्या, गावाचे अजून थोरले भाऊच. सर दोन्हीकडे हेलपाटे घालत राहिले आणि अखेर दोन्ही सरपंचांना समोरासमोर बसवले. "दोघाइच्या सहीशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाई," एवढा एकच नियम त्यांनी सुचवला. तो दोघांनी मान्य केला.

पाइप गावात पोचण्याआधीच सर गेले. शोकसभेचे अध्यक्ष थोरले भाऊ होते. पहिले बोलायची पाळी त्यांची होती. त्यांनी माइक शेजारी बसलेल्या शांताबाईंकडे सरकवला.

"आधी तुम्ही बोला, सरपंचबाई," ते म्हणाले. "तुमच्या गावाले तो जास्त समजला."